चार ऑक्टोबरचं पान

१

सोमवारी सकाळी वसंतामावशीनं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा २००३ सालची दुसरी वही जागेवर नव्हती.

कपाटात अडतीस वह्या होत्या. सगळ्या निळ्या पुठ्ठ्याच्या, कण्यावर साल आणि क्रमांक. २००३ च्या तीनपैकी पहिली होती, तिसरी होती. मध्ये बोटभर फट. कुलूप शाबूत होतं, दारावर ओरखडासुद्धा नव्हता.

"पवित्रा, वर ये!" मावशीची हाक आली आणि माझी आठची बस चुकली. मी आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात कीटकांच्या नोंदी ठेवते. मावशी वरच्या मजल्यावर राहते, मी आणि आई खाली. घर मावशीचं आहे. बाबा गेल्यावर तिनं आम्हाला कुंभकोणमला आणलं, तेव्हा मी चार वर्षांची होते.

"विद्यापीठानं शुक्रवारी पाचच्या आत मूळ वही मागितली आहे," ती म्हणाली. "आणि तीच नाही."

मावशीनं एकतीस वर्षं विद्यापीठात रंगभूमीचा इतिहास आणि प्रयोगाचं तत्त्वज्ञान शिकवलं. तिचं सगळं नाव एका विचारावर उभं आहे. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांच्या जुन्या नाटकांत पात्र एकदम समोर येत नाही. दोन माणसं कापडी पडदा धरून उभी राहतात, पात्र त्याच्या आड थांबतं, त्याच्या प्रवेशाचं पद गायलं जातं आणि मग पडदा काढतात. मावशीचं म्हणणं असं की पात्र घडतं ते त्या आडोशाला. प्रेक्षकांना मिळतं ते घडून झालेलं. घडताना पाहणारा एकटाच असतो, पडदा धरणारा. या विचारावर तिला प्राध्यापकपद मिळालं, परदेशांतून बोलावणी आली, निवृत्तीनंतरची फेलोशिप मिळाली.

ऑगस्टमध्ये तिचा जुना विद्यार्थी सुंदरेश, जो आता चेन्नईत प्राध्यापक आहे, त्याचं पुस्तक आलं. तोच विचार, स्वतःचा म्हणून. मावशीनं तक्रार केली. विद्यापीठानं चौकशी समिती नेमली. आणि या महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, सुंदरेशनं समितीपुढे एक निळी वही ठेवली. पुठ्ठ्यावर 'सुंदरेश, २००३'. आत तोच विचार. म्हणजे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, चोरी त्यानं केली नव्हती, मावशीनं केली होती.

मावशीकडे उत्तराला एकच पुरावा होता, तिची स्वतःची २००३ ची दुसरी वही. ती शुक्रवारपर्यंत सापडली नाही, तर फेलोशिप जाणार होती, छापायला निघालेलं पुस्तक थांबणार होतं, आणि विद्यार्थ्याचा विचार चोरणारी बाई म्हणून तिची नोंद होणार होती.

समितीनं सुंदरेशच्या वहीची छायाचित्रं पाठवली होती. मी ती मोठी करून पाहिली.

अक्षर माझ्या आईचं होतं.

२

त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. मावशीच्या हाताखाली जो कुणी काम करी, त्याची कच्ची टिपणं आई सुवाच्य अक्षरात उतरून देई. मावशीची, सुंदरेशची, सगळ्यांचीच. अडतीसच्या अडतीस वह्या आईच्या हातच्या. त्यामुळे अक्षरावरून काही सिद्ध होत नव्हतं, ना इकडं ना तिकडं.

"आई, तू सुंदरेशची ही वही उतरली होतीस?"

आई गवार मोडत बसली होती. "मज काय ठाऊक? किती उतरल्या. हात चालतो, डोकं कोण लावतं?"

मावशीचा संशय ठरलेला होता. "हरिणी," ती म्हणाली. हरिणी तिची आत्ताची संशोधन सहायक. तिच्याकडे कपाटाची किल्ली होती, आणि गेल्या महिन्यात तिनं सुंदरेशच्याच विभागात नोकरीसाठी मुलाखत दिली होती, मावशीला न सांगता.

दहा वाजता हरिणी आली. मावशीनं तिला चप्पलही काढू दिली नाही.

"किल्ली ठेव आणि जा."

"मॅडम, मी काय केलं?"

"ते चेन्नईला जाऊन सांग. तिथं ऐकणारे आहेत."

आई जिन्याच्या पायरीवर उभी होती. मी हरिणीच्या मागं रस्त्यावर गेले. ती रडत नव्हती, चिडली होती.

"मुलाखत दिली. बरं. तुझ्या मावशीची फेलोशिप संपली की मी काय खायचं?" ती म्हणाली. "आणि चोरायचंच असतं तर मी कपाट रिकामं केलं असतं, पवित्राक्का. एक वही कोण चोरतं?"

"एकच हवी असेल तर?"

"ती सप्टेंबरातच नव्हती."

मी थांबले. "कशावरून?"

"पुस्तकाच्या तळटिपेसाठी शोधली होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मज वाटलं मॅडमनीच घेतली असेल. आणि ऐक, किल्ली मला दिवाळीनंतर मिळाली. त्याआधी कपाट मॅडम उघडून द्यायच्या, नाहीतर तुझी आई." तिनं छत्री उघडली. "शास्त्रवाली आहेस ना तू? मग हिशेब कर."

म्हणजे सुंदरेशनं आपली वही दाखवण्याच्या दोन महिने आधीच मावशीची वही गेली होती. तेव्हा त्या वहीवर कोणाचीच नजर नव्हती. ती लागेल हे आधी ओळखणारा माणूस कोण?

३

सुंदरेश वडिलांच्या आजारपणासाठी पापनाशम्‌ला आला होता. मी मंगळवारी दुपारच्या पॅसेंजरनं गेले. त्यानं मला आत बोलावलं, कॉफी दिली आणि स्वतःच सुरुवात केली.

"तुझ्या मावशीनं पाठवलं?"

"नाही. मीच आले."

"मग बरं. तिनं पाठवलं असतं तर कॉफीत साखर घातली नसती."

मी विचारलं की वही इतकी वर्षं कुठं होती.

"टपालानं आली. ऑक्टोबरच्या शेवटी. पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का कुंभकोणमचा. मज वाटलं, मॅडमनाच लाज वाटली असेल."

"समितीला हे सांगितलंत?"

"विचारलं नाही त्यांनी."

"त्यातला मजकूर तुम्ही लिहिला होता हे तुम्हाला आठवत होतं?"

"बावीस वर्षं झाली गे. वाचल्यावर आठवलं."

"आठवलं, की आठवावंसं वाटलं?"

तो हसला, पण डोळे बाजूला गेले. "तुज नाटकवाल्यांत राहून उपयोग झालेला दिसतो."

त्याची वही समितीनं पाहून परत केली होती. त्यानं ती हातात दिली. कागद खरोखर जुना होता. आतल्या पुठ्ठ्यावर आमच्या वह्यांवर असतो तोच दुकानाचा शिक्का. मावशीनं एकदा दोन गठ्ठे घेतले होते, त्यातल्या चार-पाच कोऱ्या वह्या अजून घरात आहेत. कागदावरून काही ठरणार नव्हतं.

मी ते महत्त्वाचं पान वाचलं. मे २००३, तिरुविडैमरुदूरजवळच्या एका अंगणातली तालीम. बँकेत कारकुनी करणारा गृहस्थ राणीचं काम करत होता. 'पडद्याआड तो खरा रडत होता. थेंब हनुवटीवरून माझ्या मनगटावर पडला. पडदा काढला आणि त्याचं रडणं थांबलं. रडण्याचं सोंग सुरू झालं. आज मला जाणवलं की नाटक लोकांना दाखवतात त्याआधीच होऊन गेलेलं असतं.'

"तालमीत तुम्ही कुठं बसला होता?" मी विचारलं.

"समोर. मांडीवर टेपरेकॉर्डर. शेजारी मॅडम."

"दोघंही समोर?"

"मग काय झाडावर?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. समोर बसलेल्या माणसाच्या मनगटावर पडद्याआडचा थेंब पडत नाही.

"त्या दिवशी पडदा कोणी धरला होता?"

"रोजचा एक जण तापानं पडला होता. तालीमच ती. कोणीतरी धरला."

निघताना त्यानं आपलं पुस्तक दिलं. गाडीत मी प्रस्तावना उघडली. शेवटच्या परिच्छेदात होतं: 'कुंभकोणमच्या अंबाबाईंनी आमची टिपणं उतरून दिली नसती, तर हा अभ्यास उभा राहिला नसता.' मावशीची सात पुस्तकं आहेत. आईचं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला आनंद झाला. तिरुविडैमरुदूरचं ते अंगण मात्र डोक्यातून जाईना.

४

बुधवारी केंद्रात माझं रोजचं काम होतं. भातशेतात दिवे लावून त्यांवर आलेल्या किडींची मोजदाद, रोज एक तक्ता. महिन्याच्या शेवटी मी आधी कोरे रकाने शोधते. नोंद झाली नाही म्हणजे त्या दिवशी काहीतरी घडलेलं असतं. वीज गेली असेल, शेतात पाणी भरलं असेल, नोंद ठेवणारा लग्नाला गेला असेल.

वह्यांकडे मी असं पाहिलं नव्हतं.

आईची एक पद्धत आहे. ती एका वहीचं दिवसाला एकच पान उतरते, सकाळी, आंघोळ झाल्यावर. आणि पानाच्या तळाशी त्या दिवसाची तारीख घालते. मजकुराची नव्हे, उतरल्याची. मी सुंदरेशच्या वहीतल्या तारखांची यादी केली. १७ सप्टेंबर २००३ ते १६ ऑक्टोबर २००३. ओळीनं, रोज एक पान. मध्ये एकच खाडा होता, एक ऑक्टोबर.

आमच्याकडे वर्षातून एक दिवस कुणी लिहीत नाही. सरस्वतीपूजेला घरातली पुस्तकं, वह्या, लेखण्या पाटावर मांडतात, वर रेशमी वस्त्र घालतात, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत एक अक्षर वाचायचं नाही की लिहायचं नाही. शाळेत असताना तो माझा सगळ्यात आवडता सण होता. आई तर त्या दिवशी दूधवाल्याचा खाडासुद्धा कॅलेंडरवर लिहीत नाही.

म्हणजे एक ऑक्टोबर ही सरस्वतीपूजा. सरळ होतं. मी नुसतं खात्रीसाठी जुनं पंचांग काढलं.

२००३ मध्ये सरस्वतीपूजा चार ऑक्टोबरला होती.

मी तारखा पुन्हा तपासल्या. मग आईला न सांगता वरचं कपाट उघडलं आणि २००३ ची तिसरी वही काढली. तिच्यावर कुणाचा वाद नव्हता. तीही आईनं त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरली होती. तिच्यात दोन ऑक्टोबर होता, तीन होता, पाच होता. चार नव्हता. जसा नसायला हवा तसाच नव्हता.

आणि सुंदरेशच्या वहीत चार ऑक्टोबरचं पान होतं. भरगच्च, दोन्ही बाजूंनी.

त्या दिवशी आईनं लेखणीला हात लावला नव्हता. मग हे पान त्या वर्षी लिहिलेलंच नव्हतं. कोणत्या वर्षी लिहिलं हे शोधायला पंचांग लागलं नाही. सरस्वतीपूजा एक ऑक्टोबरला होती ती यंदा. मी स्वतः त्या दिवशी माझा लॅपटॉप पाटावर ठेवला होता आणि आईनं त्याला गंध लावलं होतं.

वही यंदा तयार झाली होती. रोज सकाळी एक पान, रोजची खरी तारीख, फक्त साल खोटं. ही चूक परका माणूस करणार नाही. परका माणूस तारखा मनानं घालील. हे त्याच हातानं केलं होतं, ज्याला पानाखाली आजची तारीख घातल्याशिवाय उठता येत नाही.

अक्षरावरून काही सिद्ध होत नाही, असं आम्ही सगळे म्हणत होतो. आता अक्षरावरूनच सगळं सिद्ध होत होतं.

५

गुरुवारी मी रजा टाकली. मावशी बँकेत गेली होती. मी दोन्ही याद्या आईपुढे ठेवल्या. तिनं चष्मा लावून त्या सावकाश वाचल्या, माझी गणितं तपासायची तशा.

"चार तारीख," ती म्हणाली. "हे माझ्या ध्यानात आलं नाही."

मला वाटलं होतं ती नाकारील. तिनं नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

"मावशीची वही कुठं आहे?"

"शिलाई मशीनच्या खणात. जाळणार होतें. हात धजला नाही."

"का केलंस, आई?"

"थेंब कोणाच्या मनगटावर पडला ते कळलं का तुज?"

"तुझ्या."

"होय. पडदा धरणाऱ्याला ताप आला, मज म्हणाले धर गे एक टोक. मी धरला. परत येताना बसमध्ये अक्काला सगळं सांगितलं, नाटक लोकांनी पाहायच्या आधीच होऊन जातं म्हणून. अक्का खिडकीतनं बाहेर बघत होती. मज वाटलं ऐकत नाही." तिनं चष्मा काढला. "मग सप्टेंबरात तिनं टिपण सांगितलं आणि मी उतरलं. 'आज मला जाणवलं.' माझंच बोलणं, तिचा 'मी', आणि अक्षर माझं. मनगटसुद्धा तिनं ठेवलं. माझं मनगट!"

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू पाच वर्षांची होतीस. घर कोणाचं होतं?"

तिनं चष्मा पदराला पुसला.

"सुंदरेशनं नाव छापलं. एक ओळ. अक्का त्याला चोर म्हणाली. मज वाटलं, तो 'मी' एकदा दुसऱ्याचा झालाच आहे, मग तिचाच का? त्याचा असू दे. त्यानं निदान विचारलं होतं, 'अंबाक्का, तुमचं पूर्ण नाव काय?'"

हे सगळं मला समजत होतं. समजत होतं म्हणूनच पुढचं विचारताना माझा आवाज चढला.

"आणि हरिणी? मावशीनं तिला दारातून घालवलं तेव्हा तू पायरीवर उभी होतीस!"

"होतें."

"एक शब्द बोलली नाहीस. मला म्हणालीस, मज काय ठाऊक. माझ्याशी खोटं बोललीस, आई, गवार मोडत!"

तिनं दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवल्या. "ते चुकलं," ती म्हणाली. "बाकीचं चुकलं की नाही ते मज अजून कळत नाही. ते मात्र चुकलं."

६

शुक्रवारी तीन वाजता आम्ही तिघी वर बसलो. मी दोन पानांचं निवेदन तयार केलं होतं. पहिल्या पानावर: सुंदरेशनं दाखवलेली वही या वर्षी बनवलेली आहे, पुरावा म्हणून तारखांचे तक्ते जोडले आहेत, आणि मूळ वही सोबत सादर आहे. दुसऱ्यावर: तो विचार मे २००३ मध्ये सर्वप्रथम कोणी आणि कुठं मांडला.

मावशीनं पहिलं पान वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"माझ्या घरात," ती म्हणाली. "माझ्या पाठच्या बहिणीनं. तुज मी कधी उपाशी ठेवलं, अंबा?"

"नाही गे अक्का."

"पोरीला शिकवलं. बी.एस्सी., एम.एस्सी. कोणी भरलं?"

"तू भरलंस."

"मग?"

आईनं ते पान उचललं. ती माझ्याकडे वळली. "यात 'माझ्या आईने' असं का लिहिलंस? नाव घाल."

"आई, हा खोटेपणाचा आरोप आहे."

"माझाच आहे ना? मग माझं नाव घाल. पूर्ण."

मी दुरुस्ती करून पान पुन्हा छापलं. आईनं सही केली. मावशीनं सही केली. मग मी दुसरं पान पुढं सरकवलं. मावशीनं ते दोनदा वाचलं.

"बसमध्ये बोलणं वेगळं आणि सिद्धांत वेगळा," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी त्यावर काम केलं. इतर देशांची नाटकं पाहिली, तुलना केली, आक्षेपांना उत्तरं दिली. ही एक वाक्य बोलली."

"खरं आहे," आई म्हणाली. "तेवढंच लिही की. 'एक वाक्य अंबा बोलली.' जास्त नको."

"मावशी, ती बोलली होती, हे तुला आठवतं का?" मी विचारलं.

मावशीनं मला कधी खोटं सांगितलं नाही. तिनं आताही सांगितलं नाही. "आठवतं," ती म्हणाली. "तिनं कधी मागितलं नाही."

"मागायचं असतं हे मज ठाऊक नव्हतं," आई म्हणाली. "मज वाटायचं, तू देशील."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची सायकल थांबली, कुणीतरी घासाघीस केली, ती निघून गेली. मावशीनं पेन उघडलं. पानाच्या तळाशी नेलं.

"यावर सही केली तर उरलं काय माझं?" मावशी हलक्या आवाजात म्हणाली, आणि पेनला टोपण लावलं.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी दोन्ही पानं पाठवली. पहिल्यावर दोन सह्या, दुसऱ्यावर आईची एक आणि साक्षीदार म्हणून माझी. त्यानंतर हरिणीला फोन लावला आणि आईच्या हातात दिला. काय बोलली ते मी ऐकलं नाही, मुद्दाम गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मी परत आले तेव्हा मावशी पाठमोरी बसली होती. समितीकडून पोच आली होती: पहिल्या पानाची दखल घेतली आहे, दुसऱ्याबाबत प्राध्यापिका वसंता यांच्या सहीअभावी विचार करता येत नाही. ती पोच दोघींनीही वाचली होती.

आईनं खालच्या मजल्याच्या दोन्ही किल्ल्या पदराच्या गाठीतून सोडवल्या आणि मावशीच्या पुढ्यात ठेवल्या. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, उचलूनही घेतल्या नाहीत.

"आडुतुरैला तुज क्वार्टर मिळते का, उद्या विचार," जिना उतरताना आई मला म्हणाली. "स्वयंपाकघर कसंही असू दे. लिहायचं टेबल मात्र पाहिजे."